पन्नासची रशियन लेन्स

माधवगंज, ग्वाल्हेर
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्रीपाददादा,

आज सकाळी बँकेत गेले होते. फॅमिली पेन्शनच्या अर्जावरची सही जुळत नाही म्हणून तीनदा करवून घेतली. येताना पालक आणि मुळे आणले. श्रुती आणि जावई परवा बंगलोरला परत गेले, त्यामुळे घरात मी एकटीच आहे. जेवण झाल्यावर कपाटातून ह्यांची कॅमेऱ्याची पेटी काढली आणि तुझ्या दुकानातून घेतलेली ती पन्नास एमएमची रशियन लेन्स उघडली. साडेचारपर्यंत ते काम चाललं. हात धुऊन आता तुला लिहायला बसले आहे.

ह्यांना जाऊन पंचवीस दिवस झाले. तू इंदूरहून रात्रभर प्रवास करून मुक्तिधामात आला होतास, हे मला जावयांनी सांगितलं. लाकडं रचत होते तेव्हा तू लांब उभा होतास म्हणे. "घरी चला मामा," असं ते म्हणाले, तर तू म्हणालास, "गोपाळरावांनी मला येऊ नको म्हटलंय. ते नाहीत म्हणून मी उंबरा ओलांडणं बरं दिसत नाही." आणि तिथूनच स्टेशनवर गेलास. मी त्या वेळी बायकांमध्ये बसले होते. मला कळलं असतं तरी मी धावत आले असते की नाही, माहीत नाही. हे खरं तेच लिहिते.

तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी लिहिणार आहे, कारण क्रमाने लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तू वाचताना घाई करू नकोस.

दौलतगंजातल्या आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात नानांच्या बाकाशेजारी एक खोका होता, त्यावर मी शाळेतून आले की बसायची. नाना मला जुन्या घड्याळांचे भाग पुसायला द्यायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, "बिटिया का हाथ देखो, मक्खी भी न उड़े." तुझ्या हातून स्क्रू पडला की म्हणायचे, "श्रीपाद, हात आहे की मुसळ?" तू हसायचास. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला दुकानात येऊ दिलं नाही. मुलगी बाकावर बसली की लोक घड्याळ सोडून तिच्याकडे बघतात, असं म्हणाले. तुला बाकामागचं स्टूल मिळालं. मी बी.एस्सी. झाले, तीस वर्षं शाळेत मुलींना विज्ञान शिकवलं, आणि ह्या विषयावर तुझ्याशी कधी एक शब्द बोलले नाही. नाना गेल्यावर तू मला त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक पेचकसांची डबी दिलीस, आठवण म्हणून जपून ठेव म्हणालास. मी ते आठवण म्हणून घेतलं नव्हतं, दादा. मी ती हत्यारं म्हणून घेतली होती. घरातली सगळी घड्याळं मी दुपारी उघडून नीट करायची. ह्यांना वाटायचं तूच येऊन करून जातोस.

लेन्स ह्यांनी २०१६ साली घेतली. तुझ्याकडे कोणा म्हाताऱ्या डॉक्टरांचं सामान आलं होतं, त्यात ती होती. ह्यांच्या रशियन कॅमेऱ्याची मूळ लेन्स पडून फुटलेली, म्हणून तू निरोप पाठवलास. तू पैसे घेत नव्हतास आणि हे ऐकत नव्हते. "साले साहब, घर का सौदा पक्का होना चाहिए, नाहीतर जन्मभर ऐकवशील," असं ह्यांनी म्हटलं आणि दोघं दुकानात केवढे हसलात. मी तिथे डबा घेऊन आले होते. त्यानंतर दर रविवारी सकाळी सहाला तुम्ही दोघं कॅमेरे घेऊन निघायचात. किल्ल्याच्या पायथ्याशी, कधी खासगी बाजाराच्या गल्ल्यांत, कधी नुसतेच कुठेतरी. एक वाजता भुकेले परत यायचात, आणि जेवतानाही फोटोंचंच चालायचं. मी वाढत असायची. ह्यांना माणसांचे चेहरे काढायला आवडायचे. मोबाइलच्या फोटोला हे फोटो म्हणत नसत.

त्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघता येत नाही. बाजूच्या छोट्या खिडकीतून बघायचं. मधल्या पिवळट डागात माणूस दोनदा दिसतो, लेन्स फिरवून ते दोन एकावर एक आणायचे, मग बटण दाबायचं. खिडकी जे सांगते त्यावर विश्वास ठेवायचा. फिल्मवर खरोखर काय उमटलं ते धुतल्यावरच कळतं.

२०१९ च्या पावसाळ्यात लेन्सला आतून बुरशी धरली. बॅटरीच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायचे. हे लेन्स तुझ्याकडे घेऊन आले. तू तीन आठवडे ठेवून घेतलीस आणि दिवाळीनंतर साफ करून दिलीस. ह्यांना काही वेगळं दिसलं नाही. मी मात्र भिंग लावून बघितली, आणि मागच्या काचेच्या कडेला मला दोन धागे दिसले. दादा, तेव्हा मला आनंद झाला. तुझ्या हातून राहिलेलं मला सापडलं, ह्याचा आनंद.

हे ऑफिसच्या जुन्या मंडळींकडे गेले होते, ती दुपार मला अजून आठवते. मी टेबलावर नानांच्या जुन्या धोतराचं फडकं पसरलं आणि लेन्स उघडली. काचांचा भाग वेगळा निघाला. स्पिरिटच्या कापसाने ते दोन धागे पुसले. एक तासही लागला नाही. सगळं जसंच्या तसं बसवलं असं मला वाटलं. संध्याकाळी ह्यांनी लेन्स हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "श्रीपादने काम मात्र झकास केलंय." मी चहा ठेवायला आत गेले. त्या रात्री मला छान झोप लागली.

मग डिसेंबरात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ह्यांनी दोन रोल फक्त आईंचे काढले. त्यांना ओवाळताना, त्यांच्या मांडीवर पणतू, खिडकीपाशी केस विंचरताना. तूही होतास, तू रोल भरून देत होतास. ते रोल मग दिवाळीनंतरच्या इतर रोलांसोबत न धुता आळसात पडून राहिले. फेब्रुवारीत आई गेल्या. तेराव्यानंतर ह्यांनी न्हाणीघरात बसून रोल धुतले, फोटो केले. एकाही फोटोत आईंचा चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी पाण्यात विरघळल्यासारखं काहीतरी होतं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र स्पष्ट, त्यावरची तारीखसुद्धा वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी हे फोटो घेऊन तुझ्या दुकानात आले. तिथे काय झालं ते तुला माहीत आहे. घरी येऊन ह्यांनी मला शब्द न् शब्द सांगितलं. तू म्हणालास, "मी काचांखालच्या चकत्या मोजून बसवल्यात, गोपाळराव, दोन काढल्या आणि दोन घातल्या. लेन्स आणा, तुमच्यासमोर उघडतो." आणि हे म्हणाले, "अब हाथ मत लगाना. तुझा हात गेलाय श्रीपाद, आणि तुला ते कबूल करवत नाही. माझी आई घालवलीस तू." दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

हे तिकडे होते तेव्हा मी इकडे कॅमेऱ्याचं मागचं झाकण काढलं. फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून लावला आणि समोरच्या देवळाचा कळस बघितला. खिडकीत कळस जुळत होता, कागदावर मात्र नुसता धूर. भिंतीवरचं कॅलेंडर फोटोत स्पष्ट आलं तेव्हाच मला शंका आली होती. काचा फिल्मच्या जास्त जवळ बसल्या, की असंच होतं. मी तो स्टीलचा डबा शोधला ज्यात त्या दिवशी सुटे भाग ठेवले होते. झाकणाला आतून जुन्या वंगणाने एक पितळी चकती चिकटून बसली होती, कागदाएवढी पातळ. दोन चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असणार, त्यातली एक मी परत घातली होती आणि दुसरी राहिली. नाना असते तर म्हणाले असते, काढलेलं मोजून ठेव. तू मोजलं होतंस. मी मोजलं नव्हतं, कारण मला वाटलं माझ्या हाताला मोजायची गरज नाही.

हे घरी आले तेव्हा ती चकती माझ्या मुठीत होती. मी सांगणार होते. हे चप्पल न काढताच पलंगावर बसले आणि म्हणाले, "आता रविवारी मी कुठे जाणार नाही." मी मूठ उघडली नाही.

पुढच्या रविवारी हे घरीच होते. आम्ही दोघांनी बाल्कनीत बसून मटार सोलले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि रविवारची सकाळ मला पहिल्यांदा मिळाली होती. पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागला, मग तर रोजच. मी स्वतःला सांगायची, आज नको, ह्यांचा राग निवळू दे. राग निवळला नाही. हे गणेशोत्सव मंडळात बोलले, लग्नाकार्यात बोलले. लोक तुला विचारायचे, "दादा, घड़ी सुधारोगे या शहीद करोगे?" ते माझ्या कानावर यायचं. त्यानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मी तुला बोलावलं, तेव्हा हे आतल्या खोलीत दार लावून बसले आणि तू चहा अर्धा ठेवून उठलास. नंतर मी बोलावलंच नाही. दोन वर्षांनी तू दुकान बंद केलंस आणि उत्कर्षकडे इंदूरला गेलास.

गेल्या दिवाळीत उत्कर्षने श्रुतीला फोनवर सांगितलं, की बाबा सकाळी उठले की दोन्ही हात समोर धरून बघत बसतात, कापतात का म्हणून. घरातलं घड्याळसुद्धा आता बाजारात दुरुस्तीला देतात म्हणाला. श्रुतीने ते मला सहज सांगितलं. मी त्या दिवशी देवापाशी बसून राहिले.

तुझ्या हाताला काही झालेलं नव्हतं, दादा. तुझ्याकडून दोन धागे राहिले होते, ज्यांनी फोटोत काडीचा फरक पडला नसता. बाकी सगळं माझं. आज मी ती चकती परत जागेवर घातली. बटर पेपर लावून कळस बघितला. उलटा, पण प्रत्येक रेघ दिसत होती, आणि खिडकीतही बरोबर तिथेच जुळत होता. लेन्स वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. तू स्वतः उघड, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. आत दोन चकत्या मिळतील. वहिनींना आणि उत्कर्षला हे पत्र वाचायला दे. मंडळातल्या लोकांना मी इथे सांगेन. माझी जीभ अडखळेल, पण सांगेन.

आता हे पत्र आजच का, ते लिहिते. एकवीस जानेवारीला ह्यांना ऑक्सिजन लावला होता. नळी बाजूला करून मला म्हणाले, "श्रीपादला एक पत्र लिही. म्हणावं, हात सगळ्यांचेच म्हातारे होतात. मी मनातून काढून टाकलंय, ये एकदा." मी कागद घेऊन पलंगाशी बसले. तुला कसली माफी कळवायची होती? मी फक्त तारीख लिहिली. तेव्हा ते शुद्धीवर होते, बोलत होते, आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मला सांगता आलं असतं. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "लिहिलंस?" मी म्हटलं, "हो, टाकलं पोस्टात." दुसऱ्या दिवशी विचारलं, "उत्तर आलं का ग?" मी म्हटलं, "इंदूरहून यायला वेळ लागतो." तिसऱ्या दिवशीही विचारलं. पंचवीसला पहाटे हे गेले. तू उत्तर दिलं नाहीस असं समजून गेले. मी माफी मागत नाही, कारण ती आता कोणाकडून घेऊ तेही मला कळत नाही. त्यांनी सांगितलेलं पत्र मी लिहिलं नाही. त्याच्या जागी हे लिहिलं आहे. कुकर उतरला आहे. भात वाढून घेते.

तुझीच,
सीमंतिनी