वडिलांच्या नावे नोंदलेले माझे हृदय

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
दूरस्थ आरोग्यसेवा विभाग,
जिल्हा रुग्णालय.

विषय : वडिलांवर ठरलेली हृदयाची शस्त्रक्रिया त्यांच्यावर न करता माझ्यावर करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, ‘रुग्णाने सोमवारी उपाशीपोटी हजर राहावे.’

महोदय,

मी बेकरीत भट्टी सांभाळतो. पहाटेपासून पाव भाजतो आणि दुपारी घरी येऊन झोपतो. माझे हे झोपणेच सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून ते आधी नमूद केले.

१. आमच्या वस्तीतल्या शाळेच्या गच्चीवर आपला वेगवान नेटवर्कचा टॉवर उभा राहिला आणि वयस्कर मंडळींच्या मनगटांवर पट्टे आले. पट्टा हातात असला की हृदयाचा ठोका थेट शहरातल्या डॉक्टरबाईंच्या पडद्यावर उमटतो. माझ्या वडिलांनाही एक मिळाला. रोज सकाळी डॉक्टरबाई टॅब्लेटवर दिसतात, छान आहे हं काका, असे म्हणतात, आणि वडील ते दिवसभर आम्हाला ऐकवतात. आम्ही घरचे इतकी वर्षे त्यांची विचारपूस करतो, तिचे एवढे कौतुक कधी झाले नाही. याबाबत मात्र माझी तक्रार नाही.

२. वडिलांना सिगारेटची सवय. डॉक्टरबाईंनी सक्त मनाई केली आणि पट्ट्यातून मला सगळे कळते, अशी वर तंबीही दिली. वडील निवृत्त क्रेनचालक आहेत. यंत्राला कसे गुंडाळायचे हे त्यांना कोणी शिकवायला नको. दुपारी माझा डोळा लागला की ते आपला पट्टा हलक्या हाताने माझ्या मनगटावर चढवत आणि कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानामागे जाऊन निवांत धूर सोडत. मी जागा होण्याआधी पट्टा पुन्हा त्यांच्या हातात. तिकडे पडद्यावर काका शहाण्यासारखे झोपलेले दिसत. महिनोन्महिने असे चालले आणि मला पत्ता नाही.

३. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागच्या आठवड्यात भर दुपारी टॅब्लेट वाजू लागला. मी डोळे चोळत उठलो. डॉक्टरबाई घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या, काकांना द्या म्हणाल्या. मी सांगितले, ते बाहेर गेलेत. त्यावर त्या म्हणाल्या, “बाहेर कसे जातील? त्यांचा ठोका आत्ता माझ्यासमोर आहे, आणि मघाशी तो थांबला होता.” तेव्हा माझी नजर माझ्या मनगटावर गेली. साहेब, स्वतःच्या आजाराची बातमी माणसाला नाना वाटांनी कळते, परंतु वडिलांच्या सिगारेटमुळे कळलेला बहुधा मी एकटाच असेन.

४. पूर्वीच्या नोंदींतही तेच आहे. सकाळी हृदय ठणठणीत, दुपारी मध्येच थबकणारे. वयामुळे असे होत असेल म्हणून बाईंनी काकांना पेसमेकर बसवण्याची शिफारस आधीच केली होती, आणि संदर्भातील पत्र त्यावरूनच निघाले. दुपारचा ठोका माझा आहे हे कळताच त्यांनी रुग्णाचे नाव बदलण्याबाबत आपल्याकडे लिहिले. नाव बदलण्याचा अधिकार आपल्या कार्यालयाचा. इथेच घोडे पेंड खाते.

५. मी आपल्या खिडकीवर गेलो. तेथील साहेबांनी अत्यंत सौजन्याने समजावले की दुखणे वडिलांच्या नावावर आहे, माझ्या नावावर काहीच नाही. मला पट्टा नाही, तेव्हा माझे ठोकेही नाहीत. पट्टा मागितला तर माझे वय बसत नाही. नवा रुग्ण म्हणून रांगेत लागलो तर नंबर पुढच्या वर्षी. मी खिडकीतून हात आत घालून नाडी पाहा म्हटले. हल्ली आम्ही हाताने पाहत नाही, असे उत्तर मिळाले. माझा ठोका शहरात पोहोचायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि नावातली दुरुस्ती अजून शेजारच्या टेबलावर गेलेली नाही. दरम्यान सोमवारी एका धडधाकट म्हाताऱ्याच्या छातीत यंत्र बसणार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

६. नोंदीतल्या रुग्णाने स्वतः लेखी कबुली दिल्यास विचार करू, असे शेवटी सांगण्यात आले. वडिलांनी ते टाळले. बाईंना आता काय तोंड दाखवू, एवढेच म्हणत राहिले. मी चिडलो, बोलू नये ते बोललो. त्यानंतर एका दुपारी मला जाग आली तेव्हा ते पलंगाशी स्टूल घेऊन बसले होते, माझी नाडी दोन बोटांनी धरून. तेव्हापासून ते कोपऱ्यावर गेलेले नाहीत. आपल्या टॉवरला जे जमले नाही, ते असे झाले.

७. मला भीती वाटते, साहेब. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण डोळे मिटायची भीती वाटते. वडील शेजारी बसले तरच झोप लागते, आणि मग त्यांची झोप होत नाही.

तरी सोमवारची शस्त्रक्रिया माझ्या नावे वर्ग करावी. वडिलांवर पट्ट्याच्या गैरवापराबद्दल कारवाई करायचीच असेल तर ती मी घरी परतल्यावर करावी, म्हणजे त्यांच्या बाजूने बोलायला मी असेन.

सोमवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
बेकरीतील भट्टीवाला
दिनांक : शुक्रवार

सोबत : वडिलांचे निवेदन, त्यांच्याच हस्ताक्षरात :

“साहेब, पट्टा मीच बांधला. सिगारेटही मीच ओढत होतो, बाईंना खुशाल सांगा. नाव बदलायला वेळ लागत असेल तर बदलू नका. सोमवारी मी याच्याबरोबर येतो. नावाची हाक आली की मी ओ देतो. दुखणे माझ्याच नावावर राहू द्या, यंत्र तेवढे याच्या छातीत बसवा.”