हातातली किटली

प्रिय ताई,

तुझा फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. बोलायला लागले की तू आवाजावरूनच ओळखतेस, म्हणून लिहितेय. अर्धवट शाळा सोडलेलीचं अक्षर आहे, समजून घे.

आमचं बरं चाललंय. कारखान्याच्या मागच्या खोलीत राहतो. भिंतीपलीकडे पंपघर, तिथे हे नवा मोठा पंप बसवतायत. आधी काँक्रीटचा ओटा केला, त्यावर पंप, तो पाणसळ लावून लावून सरळ केला. मग पाइप. प्रत्येक पाइपाला खालून लोखंडी आधार. मी म्हटलं, एवढे कशाला? तर म्हणाले, पाइपाचं ओझं पंपावर पडलं तर पंप तडकतो, ज्याचं ओझं त्यानंच पेलायचं.

पंप ज्या लाकडी खोक्यात आला, त्याचाच पाळणा केलाय आमच्या भोपळ्याला. ‘ही बाजू वर’ असा बाण आहे त्यावर. ह्यांचे मिस्त्री म्हणतात, पोरगं बाणाप्रमाणेच ठेवा वहिनी, नाहीतर कंपनी बदलून देणार नाही.

तू म्हणाली होतीस, काम संपेपर्यंत त्याला माझ्याकडे ठेव, मशीनच्या घरघरीत तान्हं पोर कशाला. आणि मी फणकाऱ्यानं म्हटलं, आई मी आहे की तू? ते आता माझ्यावरच उलटलंय.

सोमवारी पंप पहिल्यांदा चालू करणार होते. हे म्हणाले, बघायला ये. आधी भोपळ्यासकट पाळणा नेऊन पंपघराच्या कोपऱ्यात ठेवला, मग चहाची किटली घेऊन गेले. बटण दाबलं, छान गुणगुणला. मग मिस्त्रींनी झडप भसकन उघडली. आत हवा अडकलेली, तिनं पाण्याला असा धक्का दिला की सगळे पाइप घणानं ठोकल्यासारखे वाजायला लागले. पायाखालची फरशी हादरली. मला वाटलं, फुटलं, मेलो आता.

ताई, मी पळाले. पार फाटकापर्यंत. थांबून बघते तर हातात किटली. झाकणसुद्धा पडलं नव्हतं.

भोपळ्याला ह्यांनी बाहेर आणलं. त्याला काही झालं नाही, हसत होता गुलाम. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तर हे म्हणाले, मीच ओरडलो तिला, तू पळ, पोराला मी घेतो. खोटं गं. कुणी ओरडलं नव्हतं. त्यापेक्षा चारचौघांत शिवी दिली असती तर बरं. खोलीत येऊन त्याच किटलीतला चहा ओतून घेतला नि प्याले. तेव्हापासून पोर रडलं की उचलायला हात जातो आणि मध्येच थांबतो. त्याला कळलं असेल का गं?

आता पाइपाच्या वरच्या वळणावर हवा जायला छोटी झडप लावलीय. रविवारी परत चालू करणार. म्हणतात, आता नाही वाजणार. पण वाजला तर? तू ये ताई. भोपळा तुझ्या कडेवर असू दे. पंपाकडे बघू नकोस, माझ्या पायांकडे बघ. दाराकडे वळले तर त्याला घेऊन जा, मी अडवणार नाही, कपडे धुऊन बांधून ठेवलेत. तुझ्याकडे वळले, तर काही बोलू नकोस, नुसतं त्याला माझ्या हातात दे. किटली मी खोलीतच ठेवून येईन.

तुझीच,
धाकटी