तांबखाणीचं शेवटचं दार

४ मे

पाटी बदलणार नाही म्हणे! बघतेच.

ब्रॉनविनचा फोन होता, ॲडलेडहून. जुन्या संगणक-खेळांचं प्रदर्शन भरवतेय ती. आमची 'तांबखाण' मांडणार! मी खूश. तोवर बाईनं पाटी वाचून दाखवली — "१९८७. कधीच पूर्ण न होणारा खेळ. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे शेवटचं दार उघडत नाही." मी म्हटलं, चूक कशावरून? तर म्हणे, "ग्लेनिस, तुम्हीच सांगा, अडतीस वर्षांत कुणी उघडलंय का ते दार?" सव्वीस तारखेला पाट्या छापायला जाणार. त्याआधी पुरावा द्या म्हणाली.

लिहिणारा म्हणजे माझा भाऊ, लायल. तेव्हा बावीस वर्षांचा होता. एका मासिकानं त्याची अशी टर उडवली की त्यानं पुन्हा संगणकाला हात लावला नाही. तेव्हापासून वॉलरूच्या धक्क्यावर जहाजांत गहू भरतोय.

६ मे

लायलला सांगितलं. मासे साफ करत होता. मान वर न करताच — "सोड ना, ग्लेन."

सोडते कसली!

९ मे

खेळाची जुनी कॅसेट पेन्सिलीनं फिरवून ताणून घेतली. तिसऱ्या खेपेला संगणकावर उतरली. आत नुसते आकडे, सव्वीस हजार! लायलनं लिहिलेलं काही उरलेलंच नाही, यंत्राला कळेल तेवढंच आहे. कुठला आकडा काय करतो ते एकेक करून ओळखायचं. आईची पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, खाता खाता तिची कृती लिहून काढावी, तसला प्रकार. शाळेतून निवृत्त झाल्यावर हा नाद लागला मला. चित्रकलेची बाई होते, हे म्हटलं की जुने खेळ उलगडणाऱ्या आमच्या ऑनलाइन मंडळातले लोक हसतात. हसू देत.

१३ मे

पाण्याचा पंप सापडला. कोसळणारा दगड सापडला. आणि माझा घोडा! खाणीतल्या गाड्या ओढणारा. चौकटीच्या वहीत एकेक घर रंगवून काढला होता. खेळातली सगळी चित्रं माझीच.

पहिल्या पडद्यावर दोघांची नावं होती. खेळ विकणाऱ्या कंपनीच्या मालकानं माझं पुसायला लावलं. "खाणीच्या खेळावर मुलीचं नाव? पोरं हसतील." मी म्हटलं, जाऊ दे, नावात काय ठेवलंय. लायल तिथेच बसला होता. एक शब्द बोलला नाही. मालकाचं नाही, ते लागलं मला. अजून लागतं.

१६ मे

मूर्ख मी! टेप खराब झाली असेल असं समजून एक आकडा 'दुरुस्त' केला, तर घोडा छतावरून चालायला लागला. दुसरी कॅसेट लावून पाहिली — तिच्यावरही मूळचाच आकडा. म्हणजे लायलचं बरोबर होतं. दोन दिवस वाया.

१९ मे

दार सापडलं!!

दार उघडण्याआधी प्रोग्राम पहिल्या पडद्यावरची नावांची ओळ तपासतो. प्रत्येक अक्षराला आपला एक आकडा. मोकळ्या जागा सोडायच्या, बाकीच्यांची बेरीज करायची. ठरलेली बेरीज आली तरच दार उघडतं. ती येत नाही. ९०९ कमी पडतात.

मंडळात टाकलं. हॉलंडच्या योस्टचं लगेच उत्तर. दीडशहाणा! "खेळाच्या चोरून प्रती काढणारे पहिल्या पडद्यावर स्वतःचं नाव घालायचे. त्यांच्यासाठी सापळा लावला आणि बेरीज चुकली. बाई, तुमचा भाऊ कच्चाच होता."

कच्चा? आठ वर्षांचा असताना अख्ख्या क्रिकेट सामन्याच्या धावा तोंडी सांभाळायचा तो!

२० मे

लायलला विचारलं, बेरीज चुकली होती का रे? "चुकली असेल." आणि फोन ठेवला.

२२ मे

ब्रॉनविन म्हणते, "मग चूकच झाली की. पाटी बरोबर आहे."

नाही! मुळीच नाही. सव्वीस हजार आकडे पाहिलेत मी त्याचे. एक चुकलेला नाही. बेरीज चुकणार नाही. मग त्यानं बेरीज केली ती ओळच वेगळी असली पाहिजे.

२३ मे

माझ्या नाव-आडनावाची अक्षरं बेरजेला लावली. ९०९.

नाव पहिल्या पडद्यावर परत घातलं. शेवटापर्यंत खेळले. दार उघडलं.

लायलला फोन केला. रडत होते, शिव्याही देत होते. एवढी वर्षं लोकांची थट्टा सोसलीस, मला का नाही सांगितलंस, गाढवा?

"सांगितलं असतं तर तू मला तुझ्या नावाशिवायच ते दार उघडायला लावलं असतंस."