नोटिशीवरची सही

बाबा,

"त्याच्याशी लग्न केलंस तर तू आम्हाला मेलीस," असं तुम्ही म्हणालात. मला वाटलं, राग आहे, उतरेल. आज दादा आमच्या वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीवर आला. संबंध तोडल्याची नोटीस माझ्याच हातात ठेवून निघून गेला.

नमुना बघायला जुनी फाईल काढली, तर त्यात सापडली तीस वर्षांपूर्वीची आजोबांची नोटीस! तुम्ही आईशी लग्न केलंत म्हणून तुमच्याशी संबंध तोडल्याची. शब्द न् शब्द हाच. बाबा, अजून तोंडपाठ आहे तुम्हाला?

हे पत्र पाठवत नाही, तुम्ही आलात की हातातच देईन. नोटीस देणाऱ्याने स्वतः येऊन सही करायची, असा इथला नियम आहे; दादाला तसं कळवलंय. खिडकीत मीच बसते. या.

अजून तरी तुमचीच,
धाकटी