काटा लाल झाल्यानंतरचे सहा किलोमीटर

मंगळवार, संध्याकाळ

आज मी मेकॅनिकशी खोटे बोलले, म्हणून लिहायला बसले.

काल चांदवडचा घाट चढताना इंजिन तापलं, आणि शेजारी बसलेली नणंद तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "वहिनी, काटा लाल झालाय." मी म्हणाले, "मला दिसतं. गप्प बस." आणि गाडी पुढे ढाब्यापर्यंत रेटली. का? ती म्हणाली म्हणूनच ना?

आज सकाळी गॅरेजमध्ये रफिकभाईंनी विचारलं, "मॅडम, काटा लाल झाल्यावर किती चालवली?"

"लगेच थांबवली."

"मग फक्त वरचं हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, घासून बसवतो. इंजिन वाचलं."

नणंद ऐकत होती. पुढच्या आठवड्यात ती हीच गाडी घेऊन एकटी सुरगाण्याला जाणार, पुन्हा घाटच. दिवसभर तो लाल काटा डोळ्यांपुढून हलेना.

पाच वाजता परत गेले. "रफिकभाई, सहा किलोमीटर चालवली."

ते हातातला पाना ठेवून म्हणाले, "मग खालचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य भागही गेला असणार. नुसतं हेड घासून उद्या गाडी दिली असती की हो मी, आणि ती घाटात बंद पडली असती!"

इंजिन बदलायचे ठरले. त्यांच्याकडे दिले: किल्ली, नव्या इंजिनाचा नंबर चढवायला आरसी बुक, आणि काही विचारायचे झाल्यास नणंदेचा फोन नंबर. माझा नाही; विचारलं तर ती खरं ते सांगेल.