हलकी आलेली दांडी

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. डायरी रोज लिहितो. तिच्यात तुम्ही अधूनमधून येता, पण ते तुमच्याविषयी असतं, तुम्हाला नसतं. आज तुम्हाला लिहितोय, कारण समोरच्या स्क्रीनवर एक हिरवा ठिपका सोहारहून निघून किनाऱ्याच्या रस्त्यानं सरकतोय आणि तो रुस्ताकला पोचून थांबेपर्यंत मला दुसरं काही करता येण्यासारखं नाही. निदान मी स्वतःला तसं सांगितलंय. तो ठिपका म्हणजे आमची एक पिकअप आहे. तिच्या मागे ट्रेलर आहे, ट्रेलरवर दगडाच्या खाणीतल्या क्रशरचा दुरुस्त केलेला गिअरबॉक्स आहे, आणि स्टिअरिंगवर गुहागरकडचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असा एक माणूस आहे. चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरला फोन करायचा नाही, हा नियम या ऑफिसात मीच केला. म्हणून वाट बघतोय. रुस्ताकच्या पेट्रोल पंपावर तो नेहमी चहाला थांबतो. त्याच्यापुढे डोंगर लागतो, आणि आज सकाळपासून वारा आहे.

आमच्या या कामाला इथे हॉटशॉट म्हणतात. कुठेतरी डोंगरात, वाळवंटात एखादं यंत्र बंद पडतं, त्याचा एक भाग हवा असतो, आणि मोठा ट्रक भरेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो. मग एक पिकअप, तिच्यामागे एक ट्रेलर आणि एक माणूस, एवढंच निघतं. माझी मुलगी आईबरोबर मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये शाळेसाठी राहते. मी शुक्रवारी जातो. तिला हे समजावून सांगितलं तेव्हा ती अडखळत म्हणाली, "बाबा, म्हणजे तू ॲम्ब्युलन्स आहेस, पण मशीनची?" मी हो म्हणालो. मला ते आवडलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये ती चालवणाराही एक जण बसलेला असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

गाडी आणि ट्रेलर निवडायचं काम माझ्याकडे आलं ते गेल्या पावसाळ्यात, म्हणजे तुमच्याकडच्या. इथे तेव्हा नुसतं ऊन. दोन पर्याय होते. एक, मागे चार चाकं असलेली मोठी पिकअप, आणि तिला गूजनेक ट्रेलर. त्या ट्रेलरची मान पिकअपच्या हौद्यात येऊन मागच्या चाकांच्या बरोबर वर बसते. वजन जिथे पडायला हवं तिथे पडतं. पण ती गाडी मागवायची तर चार महिने, वळवायला मैदान हवं, आणि हौदा अडकून जातो. दुसरा पर्याय, साधी पिकअप, मागे दोनच चाकं, आणि शेपटाच्या हुकाला अडकवायचा ट्रेलर. तो सोहारच्याच एका यार्डात तयार उभा होता. मी आठवडाभर तक्ता केला. प्रत्येक आकडा तपासला, अण्णा, एकही खोटा नाही. आमच्या अर्बाबनं, म्हणजे मालकानं, तो तक्ता उघडलाच नाही. खजूर पुढे सरकवून, इथे इंजिनिअरला म्हणतात तसं म्हणाला, "मुहंदिस, तुम बोलो कौन सा. तुम बोलेगा, मैं साइन करेगा. खलास." मी म्हणालो, पहला वाला ज्यादा सेफ है. तो म्हणाला, "और दूसरा?" मी म्हणालो, दूसरा भी चलेगा. "कब मिलेगा?" कल. तो हसला. नवं कंत्राट पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्यानं मला दटावलं नाही, घाई केली नाही. शिफारस मीच लिहिली, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, "माल योग्य प्रकारे लादल्यास." हे चार शब्द लिहिताना मला बरं वाटलं होतं. आता कळतं की का. त्या शब्दांनी सगळा भार माझ्या टेबलावरून उचलून ट्रेलर लादणाऱ्याच्या अंगावर ठेवला.

ठिपका सहम गावाच्या पुढे गेलाय. वेग सत्तर. मी सत्तरच सांगितला होता.

तुमच्या शेडमधला तो दिवस मला गेले काही महिने सारखा आठवतो. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी. उसाचा हंगाम तोंडावर आला की आपल्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. पाच-सहा ट्रॉल्यांचे सांगाडे उभे, वेल्डिंगचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. एका गिऱ्हाइकाची तक्रार होती की त्याच्या जुन्या ट्रॉलीची दांडी फार जड, ट्रॅक्टरला अडकवताना कंबर मोडते. मी वहीवर गणित मांडलं आणि तुम्हाला म्हणालो, ॲक्सल चार इंच पुढे घेऊ या, दांडी हलकी होईल. तुम्ही वहीकडे बघितलं आणि काहीच बोलला नाहीत. मी ते होकारार्थी घेतलं. खडूची खूण मीच केली. तीन दिवसांनी ट्रॉली तयार झाली, रंग वाळला, गिऱ्हाईक हार आणि नारळ घेऊन आलं. तुम्ही नारळ हातात घेतला, बाजूला ठेवला आणि मला म्हणालात, "उचल की दांडी." मी उचलली. "एकट्यानं उचलली?" मी हसून हो म्हणालो. मला वाटलं शाबासकी येतेय. तुम्ही गिऱ्हाइकासमोर म्हणालात, "मग ही आज जात नाही."

मागे हटून बघतो तर तुम्ही गॅस कटर पेटवलेला. नवी रंगवलेली ट्रॉली, आणि तुम्ही ॲक्सलचा जोड कापताय. गिऱ्हाईक आधी चिडलं, मग दमलं. आईनं त्याला स्वयंपाकघरात बसवून भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली, आणि तिथून त्याचं चालू होतं. "मिस्त्री, पोराला शिकवायला माझीच ट्रॉली सापडली का? दुसऱ्याची घ्यायची की." तुम्ही शेडमधूनच ओरडला होतात, "जेवा निवांत. उशीर झाला तर ऊस वाळंल, दुसरं काय व्हायचं नाही." तो हसला. मी हसलो नाही. संध्याकाळी तुम्ही मला परत दांडीपाशी उभं केलंत. माझ्यानं हलली नाही. तुम्ही दुसऱ्या बाजूनं हात लावला, तेव्हा उठली. "दोघांना उठली पाहिजे," तुम्ही म्हणालात. "एकट्याला उठली म्हंजे वजन चाकाच्या मागं गेलंय. सपाटीला काय कळत नाही. उताराला लागली की शेपूट हलवती, आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की त्यालाच ढकलती." मग वहीकडे बोट करून, "गणित बरोबर हाय तुझं. तू गिऱ्हाइकाच्या कंबरेचं केलंस." एवढंच. तुम्ही मला त्यानंतर त्यावरून कधी टोचलं नाहीत. पण त्या दिवसापासून शेडमधली प्रत्येक ट्रॉली बाहेर जाताना तुम्ही मला बोलवायचा, आणि दांडी आधी मला एकट्याला उचलायला लावायचा. मला त्याचा राग यायचा, हे आज सांगतो.

मी ओमानला निघालो तेव्हा तुम्ही मला तुमचा ओळंबा दिलात. पितळेचा, दोरी तुमच्याच हातानं बदललेली. मी म्हणालो, अण्णा, तिकडे लेझर असतात. तुम्ही म्हणालात, "असू दे. कागद उडायचा नाही त्यानं." तो कागद उडू नये म्हणूनच वापरतोय. या क्षणी तो माझ्या शिफारशीच्या फायलीवर उभा आहे.

ठिपका खाबूरा, सुवैक मागे टाकून रुस्ताकच्या रस्त्याला आत वळला. आता थोडा वेळ नकाशाकडे बघत नाही, नाहीतर पुढचं लिहून होणार नाही.

आज सकाळी वर्कशॉपच्या यार्डात मी पोचलो तेव्हा गिअरबॉक्स ट्रेलरवर चढवून झाला होता आणि क्रेन निघून गेली होती. ड्रायव्हर पट्टे आवळत होता. मला बघून म्हणाला, "या साहेब. आत्ताच अडकवून बघितलं, गाडी कशी सरळ उभी राहते. पहिल्यांदा पुढे ठेवला होता, तर पिकअपचं ढुंगण जमिनीला टेकायला आलं. खाणीच्या गेटवरचा तो मिशीवाला अशी गाडी बघितली की परत पाठवतो. मग म्हटलं जरा मागे घेऊ. तिथे फोर्कलिफ्टपण मागूनच येतो, पोचत नाही त्याचा हात." मी विचारलं, किती मागे? "जरासा. तुमचा नियमांचा कागद आहे ना माझ्याकडे, देवाच्या फोटोच्या मागे. दोघंही बघून घेतील." आणि तो हसला. नंतर, पट्टा ओढता ओढता, यंदा शिमग्याला पालखी त्यांच्या वाडीत कोणत्या दिवशी येणार ते सांगत होता. तिकीट काढलंय. चार वर्षांनी चाललाय.

अडकवून बघितल्यावर पट्टे आवळायला त्यानं ट्रेलर पिकअपपासून परत सोडवून ठेवला होता. तो पाण्याची बाटली भरायला आत गेला. यार्डात दुसरं कुणी नव्हतं, आणि कुणी नाही याची मी आधी खात्री करून घेतली, हेही लिहायला हवं. मग वाकलो, दांडीखाली दोन्ही हात घातले आणि उचलली.

उठली, अण्णा. अडीच टनाचा माल वर असताना, माझ्या एकट्याच्या हातानं, या वयात.

मी ती खाली ठेवली आणि रुमालानं हात पुसले. तेवढ्यात मला सगळं कळून चुकलं होतं. माल पुढे घेतला तर पिकअपची मागची दोन चाकं तो पेलत नाहीत. मागे घेतला तर शेपूट हलणार. या गाडीला आणि या ट्रेलरला हा माल योग्य प्रकारे लादायची जागाच नाही. ड्रायव्हरनं काही चुकीचं केलं नव्हतं. चूक सहा महिन्यांपूर्वी शिफारस करताना झाली होती, आणि ती मी शेवटच्या ओळीत झाकली होती. क्रेन परत बोलवायची म्हणजे ती का बोलवली हे लिहावं लागणार. खाणीवरून दर अर्ध्या तासानं फोन येत होता. तो बाटली घेऊन बाहेर आला. "काय साहेब, बघितलंत? ओके?"

मी म्हणालो, "ठीक आहे. सत्तरच्या वर जाऊ नका."

"इन्शाल्ला," तो म्हणाला, कोकणी माणसाच्या तोंडी तो शब्द जसा येतो तसा, कपाळाला हात लावून. त्यानं ट्रेलर अडकवला, साखळ्या लावल्या, दिवे तपासले. त्याच्या वाटचं सगळं त्यानं केलं. मी फाटकापाशी उभा राहून ट्रेलरच्या मागच्या टोकाकडे बघत होतो. सपाट रस्त्यावर ते अजिबात हललं नाही. तुम्ही म्हणालाच होतात.

ऑफिसात येऊन मी ठरवलं की रुस्ताकला तो थांबला की फोन करायचा, ट्रेलर तिथेच सोडायला सांगायचा आणि भाड्यानं मोठी गाडी घेऊन इथून पाठवायची. आणि मग डायरी उघडली. स्वतःच्या मनाशी इतका बारीक हिशेब करणारा माणूस निदान चुकीच्या वेळी गप्प बसणार नाही, असं मला स्वतःविषयी वाटत आलंय. आता वाटतं, बारीक लिहिणं ही माझी गप्प बसायचीच रीत असावी. फोनवर काय बोलायचं ते दोन वाक्यांचं आहे. तुम्हाला इतकी पानं लिहून झाली.

मान वर केली. ठिपका रुस्ताकच्या पंपावर उभा आहे. किती वेळ उभा आहे, तो आकडाही बाजूला दिसतो: बारा मिनिटं. चहाला तो पंधरा घेतो. हे पान इथेच राहील. तुम्हाला पाठवायचा पत्ता नाही, हे मला आजवर सोयीचंच पडलं. पेन ठेवतो आणि फोन लावतो. पण तेवढं एक सांगून. नकाशाकडे बघणार नाही म्हणालो, तरी ठिपका थांबला तेव्हाच मला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला होता, अण्णा. हातातलं वाक्य तेवढं पुरं करू, असं म्हटलं.