पंख्यांच्या बाबतीत तुम्ही म्हणाला होतात ते

तीर्थस्वरूप भाऊजींना शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, पण पूर्ण धरावा.) आपली प्रकृती कशी आहे? ताईचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे बरे आहोत. फक्त ट्रक बरा नाही, आणि तुम्ही तीन महिने आमच्याकडे फिरकला नाहीत म्हणून ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी फोन केला की ताई उचलते आणि तुम्ही अंघोळीला गेलात म्हणून सांगते. दिवसातून इतक्या वेळा अंघोळ करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही शेवटचे आलात त्या दिवशी मी ट्रकचा पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा काढून रेडिएटरपुढे विजेचे दोन पंखे बसवत होतो. भंगारवाल्याने सांगितलं होतं की जुना पंखा इंजिनाची ताकद खातो, हे दोघे काही खात नाहीत. (काहीच न खाणारं या जगात कोणी नसतं, हे मला पन्नाशीत तरी कळायला हवं होतं.) तुम्ही बॉनेटखाली डोकावून एवढंच विचारलंत, "डायनामो वीज किती देतो ते पाहिलंस का?" मी म्हणालो, "पंखेच तर आहेत, भाऊजी." तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवलात आणि गेलात. वीस वर्षं या ट्रकची एकेक तार तुमच्या हातून गेली, आणि पंखे बसवताना मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. तुम्हाला ते लागलं. लागणारच.

पंख्यांनी इंजिन मात्र झकास थंड ठेवलं. मी चारचौघांना बॉनेटवर हात ठेवायला लावून ते सिद्धही केलं. पण पंखे सुरू झाले की दिवे मिणमिणायचे, हॉर्नला सर्दी व्हायची आणि वाइपर काचेच्या मध्यावर येऊन विचारात पडायचा. मी दोन्ही पंखे हॉर्नच्या तारेला जोडले होते, कारण दिसायला तीच जाड होती. फ्यूज उडायला लागला तेव्हा मोठा फ्यूज घातला. मग फ्यूज शाबूत राहिला आणि तार तापायला लागली. केबिनमध्ये जळक्या रबराचा वास सुटला, तर मी मागच्या गाडीला नावं ठेवली. शेवटी नियमच केले: चढावर पंखे, बोगद्यात दिवे, हॉर्न वाजवायचा तर आधी पंखे बंद, आणि पाऊस आला तर बाजूला थांबायचं. एका खेपेला ही सोबत होती. तिने हा कारभार तासभर पाहिला आणि मग मला विचारलं, "कमावता एक असताना घरी पाहुणे किती बोलवावेत, हे तुम्हाला तुमच्या आईने शिकवलं नाही का?"

खरी शोभा झाली ती गेल्या आठवड्यात, वजनकाट्यावर. ट्रकमध्ये बटाटे, पाऊस सुरू, पुढे मोठी रांग. वाइपर चालू, दिवे चालू, दोन्ही पंखे जोरात. रांग हलेना म्हणून मी शहाणपणा करून इंजिन बंद केलं. पंख्यांना ते कोणी सांगितलं नाही (म्हणजे तशी जोडणी मीच केली होती), ते बॅटरीवर फिरत राहिले. माझा नंबर आला तेव्हा चावी फिरवली, तर नुसती टिक. मागचे ड्रायव्हर उतरले, आम्ही सात जणांनी मिळून ट्रक ढकलत ढकलत काट्यावर आणला, आणि काटेवाल्याने आम्हा सातही जणांसकट वजन करून चिठ्ठी हातात दिली. पाच क्विंटल जास्त. त्याचं म्हणणं, काट्यावर जे उभं ते वजन. त्या सातांतल्या एकाने तर ढकललंही नव्हतं, नुसता सल्ला देत वर आला होता. पुन्हा उतरा, पुन्हा वजन करा, आणि पुन्हा ढकला. माझी कंबर तिथेच गेली.

त्या सल्ला देणाऱ्याने मला सहज विचारलं, "तुमचा वायरमन कोण?" वीस वर्षं या प्रश्नाला मी छाती काढून "घरचाच आहे" म्हणत आलोय. त्या दिवशी मी त्याला बटाट्याचा भाव सांगितला. भाऊजी, फार वाईट वाटलं. कंबरेपेक्षा जास्त.

असो. पत्र लांबलं. तुम्ही येण्याची तसदी घ्यावी असं मुळीच नाही, नुसतं कळवावं म्हणून लिहिलं. ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. रविवारी आलात तर बरं.

ता. क. २. मी का विचारलं नाही, ते राहिलं. पंखे घ्यायच्या आधी एकदा ताईच्या स्वयंपाकघरात तुम्ही दिव्याचा होल्डर बसवत होतात. स्क्रू तीनदा खाली पडला. तुम्ही वळून पाहिलंत, तेव्हा मी कॅलेंडर वाचत असल्याचं दाखवलं. तुमचा हात थरथरतो हे मला तेव्हाच कळलं. मला वाटलं, विचारलं तर तुम्हाला नाही म्हणावं लागेल, त्यापेक्षा विचारूच नये. तुम्हाला वाटलं, याला आता माझी गरज उरली नाही. चूक माझी आहे. पाना-पक्कड मी धरतो. तुम्ही स्टुलावर बसा, सांगा आणि रागवा.

ता. क. ३. ही म्हणते, खरं काय ते सगळं लिहा. तर ट्रक मंगळवारीच दुरुस्त झाला होता. चौकातल्या वायरमनने मोठा डायनामो बसवला, बॅटरीपासून वेगळी जाड तार ओढली, इंजिन बंद झालं की पंखेही बंद करणारा रिले लावला, उत्तम काम केलं. बुधवारी ते सगळं मीच उपटून ठेवलं, म्हणजे तुम्हाला बोलवायला निमित्त राहील. फक्त काढताना तारांना खुणा करायच्या राहिल्या. आता कुठली कुठे जाते ते मला कळत नाही, आणि त्या वायरमनला परत तोंड दाखवायची सोय नाही. तेव्हा भाऊजी, आता खरोखरच या.